नमुन्याच्या घरातली बाळंतीण

ठमाबाईच्या घराला कुलूप होतं आणि ठमाबाई त्याच घराच्या मागे ताडपत्रीखाली राहत होती. जागा तिची, कुलूप दुसऱ्याचं. चावी तिच्याकडे नाही, पण रोज सकाळी त्या घराचं अंगण झाडायचं काम मात्र तिचं. आता हे ऐकून तुमच्या डोक्यात तिडीक जात नसेल तर डोकं एकदा तपासून घ्या. माझ्या डोक्यात रोज जायची. मी किशोरी, तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या परसांमध्ये शेवग्याच्या फांद्यांचं कुंपण तेवढं आहे, त्यामुळे तिच्या चुलीवर काय शिजतंय ते मला कळतं आणि माझ्या घरात कोण कोणावर ओरडतंय ते तिला. ओरडणारी बहुतेक मीच असते, ते सोडा.

आमची वाडी नागावच्या मागच्या अंगाला, खाडीकडे. पुढे समुद्राच्या बाजूला नारळाच्या वाड्या, पाहुण्यांच्या खोल्या, पाण्यावरच्या उड्या मारणाऱ्या स्कूटरी. शनिवार-रविवार तिकडे पाय ठेवायला जागा नसते. मागे आम्ही. पाहुण्यांच्या चादरी धुणारे, त्यांचे मासे तळणारे, त्यांच्या गाड्या चिखलातून ढकलणारे आम्ही.

ठमाबाई आमच्याहून मागची, अगदी खारातली. आई-बाप मिठागरावर, आणि ही चालायला लागली तशी तीही तिथेच. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरून असली धावायची म्हणे, की पुढच्या बाईने मुकाट बाजूला व्हायचं. टाचांना तेव्हा ज्या भेगा पडल्या त्या अजून मिटल्या नाहीत. तिथलीच एक सवय तिच्या अंगात मुरली. मिठागरावरची माणसं आधी पाय धुतात, मग उंबरा ओलांडतात. त्यात सोवळ्याओवळ्याचा काही संबंध नाही. पायाचं मीठ सारवलेल्या जमिनीवर पडलं की जमीन ओल धरते, पोपडे सुटतात आणि सगळं सारवण फुकट जातं. म्हणून दाराशी पाण्याचं मडकं आणि त्यावर डबडं. लग्न होऊन आली तेव्हा काळूराम, म्हणजे तिचा नवरा, पाय न धुता आत शिरला, तर हिने त्याला परत बाहेर काढलं. नवी नवरी, अंगाची हळद उतरली नाही, आणि नवऱ्याला म्हणते, बाहेर हो! काळूराम ट्रकवर होता. जिथे जाईल तिथे ही गोष्ट हसून सांगायचा. कल्पिता, त्यांची एकुलती एक पोर, शाळेत होती तेव्हा छातीत कळ येऊन गेला बिचारा.

त्यानंतर ठमाबाईने पोरीला एकटीने वाढवलं, शिकवलं, पेणच्या बाजूला चांगल्या घरात दिली. घर कुडाचं होतं, कारवीच्या काठ्यांची भिंत आणि दोन्ही बाजूंनी लिंपलेली माती. पण काय ठेवायची ती! तिच्या जमिनीवर सांडलेला भात उचलून खाल्ला असता मी.

मग ते मोठं वादळ आलं आणि कौलं, वासे, सगळं शेजारच्या शेतात जाऊन पडलं. आमच्या वाडीत निम्म्या घरांची तीच गत झाली. वर ताडपत्री टाकून माणसं राहिली, एक वर्ष, दोन वर्षं, मग कोणी मोजायचं सोडून दिलं. परत बांधायचं तर गवंडी कुठे होता? आमच्याच वाडीचे गवंडी मुंबईवाल्यांच्या बंगल्यांवर जात होते. आज येतो, उद्या येतो म्हणत एकेकाने ठमाबाईला वर्षं वर्षं झुलवलं. रेती नाही, चिरा नाही, माणूस नाही. आणि रस्त्याच्या कडेला पाहुण्यांच्या खोल्या मात्र ट्रकवरून तयारच यायच्या. क्रेनने उचलायच्या, नारळांच्या मधे ठेवायच्या, पुढच्या शनिवारी त्यात माणसं झोपलेली. मी ते बघायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

अशात एक साहेब आले. मोठ्या कंपनीची आणि सरकारची मिळून काहीतरी योजना होती. ज्यांना घरं नाहीत त्यांच्यासाठी नव्या पद्धतीची, झटपट उभी राहणारी, वादळाला दाद न देणारी घरं. आधी एक बांधून दाखवायचं, पसंत पडलं की मग वाडीभर बांधायची. हे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, ते मी कबूल करते. ताडपत्रीखाली मांडी घालून बसले आणि ठमाबाईच्या हातचं निवट्यांचं, खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण तांदळाच्या भाकरीबरोबर चाटूनपुसून खाल्लं. हात धुताना म्हणाले, "मावशी, तुमची जागा रस्त्यालगत आहे. जुनं पाडा. पहिलं घर इथे उभं करू, आणि ते तुमचंच."

झालं! ठमाबाईने दुसऱ्या दिवशी आपल्या हाताने उरलेल्या भिंती पाडल्या. मी विचारलं, कागद काय दिला? तर माझ्यावरच डाफरली. "आपल्या घरात जेवला गो तो. कागद कशाला मागू?" आमच्यात असंच धरून चालतात. ज्याने आपल्या घरचं अन्न खाल्लं तो आपल्याला फसवत नाही. साहेबांच्या जगात जेवण वेगळं आणि कागद वेगळा, हे आमच्या डोक्यात शिरायला अजून दोन पिढ्या जातील.

घर मात्र बघता बघता उभं राहिलं. ट्रकमधून पांढरे थर्माकोलचे लांबरुंद पत्रे आले, दोन्ही बाजूंना तारेची जाळी लावलेले. दोघं माणसं एक अख्खी भिंत उचलून चालत जायची. त्या उभ्या केल्या, एकमेकींना बांधल्या आणि पाईपने दोन्ही बाजूंनी सिमेंट फवारलं. मी कुंपणावरून बघत होते. म्हटलं, "ठमे, गणपतीचं मखरच की गं हे! मखराच्या थर्माकोलला बंदी घातली आणि आता माणसांना त्यात बसवतायत." सगळी वाडी हसली. ठमाबाई हसली नाही. भिंतीवरून हात फिरवून म्हणाली, "मखर न्हाय गो, यो कूडच हाय. कारवीच्या जागी तार, मातीच्या जागी शिमिट."

आणि घर खरंच चांगलं झालं, खोटं कशाला बोलू? आमचा गवंडी नुसता पाया बघायला यायला जेवढे दिवस लावतो तेवढ्यात छपरासकट तयार. जोतं उंच, म्हणजे उधाणाचं पाणी आत येणार नाही. दोन खोल्या, मोरी, संडास. बाहेर ऊन मी म्हणत असताना आत गारवा. बोटाने ठोकलं की जरा पोकळ वाजायचं, एवढंच. मी माझी थट्टा मुकाट्याने गिळली. ठमाबाईने बाजारातून गृहप्रवेशाचा नारळ आणून ठेवला आणि भटजींना विचारून दिवससुद्धा काढला.

त्या दिवसाच्या आधीच साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले. तरणे, चकचकीत, पायात चॉकलेटी बूट. त्यांनी पहिलं काम केलं ते दाराला कुलूप लावण्याचं. ठमाबाई हातात नारळ घेऊन उभी.

"साएब, माजा घर हाय यो."

"मावशी, हे घर नाहीये. हा नमुना आहे."

"नमुना म्हंजे?"

"म्हणजे बघायचं असतं. राहायचं नसतं."

घाला चुलीत ते बघणं! अहो, जागा तिची, पाडलेलं घर तिचं, आणि तिला सांगतात राहायचं नसतं? मी भांडले. कुंपण ओलांडून गेले आणि त्या साहेबाला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तो फोनवर बोलत गाडीत बसून गेला. तेवढ्यातल्या तेवढ्यात ठमाबाईला म्हणाला, "मावशी, तुम्ही इथेच आहात ना, मग जरा अंगण झाडत जा. लोक येतील बघायला."

आणि लोक यायला लागले. कधी कॉलेजची पोरं, कधी दुसऱ्या जिल्ह्याचे अधिकारी, कधी कोणी गोरे. कंपनीचा माणूस येऊन कुलूप उघडायचा. सगळे आत शिरायचे, बुटांसकट, सँडलांसकट, खाडीचा चिखल घेऊन. प्रत्येक जण एकच करायचा. भिंतीवर टकटक करायचा आणि मान हलवायचा. मग बाहेर येऊन शहाळं प्यायचा आणि देशात घरांची किती टंचाई आहे यावर बोलायचा. मागे ताडपत्रीतून ठमाबाईचा स्टोव्ह दिसायचा, पण तिकडे कोणी मान वळवली नाही. ते गेले की कंपनीचा माणूस हाक मारायचा, "मावशी, फरशी पुसून घ्या." ठमाबाई पाय धुवायची, मग आत जायची, आणि गुडघ्यावर बसून ते सगळे बुटांचे ठसे पुसायची. माझ्या अंगाचा भडका उडायचा. मी म्हणायची, "कशाला पुसतेस मेल्यांचं?" तर म्हणायची, "फरशी माजी हाय. त्यांची न्हाय."

एकदा तर कहर झाला. फोटोवाले आले. पनवेलहून एक नवरा-बायको आणि दोन पोरं भाड्याने आणली होती. बायकोला नऊवारी नेसवली, हातात सूप दिलं आणि त्या घरासमोर बसवली. सूप उलटं धरलं होतं तिने. ठमाबाई अंगणात उभी होती, तिला सांगितलं, "मावशी, तुम्ही जरा फोटोतून बाजूला व्हा." तो फोटो पुढे मोठा करून नाक्यावर लावला. वर लिहिलं होतं की आमच्याकडे हक्काचं घर आलं. त्या फलकाखालून रोज मच्छी घेऊन जाताना मी त्याच्यावर थुंकायची, आणि मला त्याची अजिबात लाज नाही.

हे सगळं ठमाबाईने सहन केलं असतं. आयुष्यभर काय काय सहन केलं होतं तिने. पण त्या वर्षी कल्पिताला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्यातली रीत काही कोणी वेगळी सांगायला नको. सातव्या महिन्यात ओटी भरायला आम्ही पेणला गेलो. विहीणबाई जेवण वाढता वाढता म्हणाल्या, "बाळंतपण इथंच करू आपण. तुमच्याकडं कुठं ठेवणार पोरीला?" बाई वाईट नव्हत्या, काळजीनेच बोलल्या. पण ठमाबाईचा घास हातातच राहिला. तिने मान वर केली आणि म्हणाली, "घर तयार हाय माजा. चावी तेवढी मिलाची हाय. पोर माज्याकडंच येल." मी तिच्याकडे बघत राहिले. आता चावी नाही मिळाली तर ही कुठल्या तोंडाने विहिणीसमोर उभी राहणार होती?

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी साहेबाच्या ऑफिसात. तासन् तास बाकावर बसवलं. शेवटी आत बोलावलं तेव्हा साहेब चहा पीत होते.

"पाहणी पूर्ण झाल्याशिवाय ताबा देता येत नाही," म्हणाले.

"कवा व्हयल पुरी?"

"वरचे लोक अजून यायचेत. मुंबईहून एक मोठे साहेब येतील. त्यांनी पसंत केलं की पुढचं बघू."

ठमाबाई टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाली, "माजी पोर बालतीन व्हनार हाय. पावसात तिला कुटं निजवू, ते सांग." आमच्यात साहेबाला पण तू म्हणतात, त्यात अपमान नसतो. पण साहेबाचा चेहरा आंबट झाला. म्हणाला, "आजी, तुमच्या घरगुती गोष्टी मला सांगू नका. आणि नमुन्यात कोणी राहिलं तर तो खराब होतो."

ऐकलंत? माणूस राहिला तर घर खराब होतं! मग बांधलंय कोणासाठी? घुबडांसाठी? मी हे तिथेच ओरडून विचारलं, तर शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. ठमाबाई माझ्या मागून आली. नळावर पाय धुतले आणि एसटीची वाट बघत बसली. ती गप्प बसली की मला जास्त भीती वाटते.

श्रावणात कल्पिता आली. नववा भरलेला, पायाला सूज. ताडपत्रीखाली ठमाबाईने खाट विटांवर उंच केली होती, चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधल्या होत्या. पोर शहाणी. पण अंगणात येऊन त्या कुलपाकडे बघत बसायची आणि आईने बघितलं की नजर खाली घालायची. मी म्हटलं, माझ्याकडे ये. पण माझ्याकडे एका खोलीत आम्ही सहाजण, वर छपराला माझ्याही ताडपत्रीच. वाडीत कोणाकडे कोरडी खोली होती ते सांगा ना मला! एकच होती. तिला कुलूप होतं.

सरकारी दवाखान्यात कल्पिता सुखरूप मोकळी झाली. मुलगी झाली, आईसारखी सावळी, आजीसारखी तोंडाळ. तिसऱ्या दिवशी माझा मुलगा अल्पेश आपल्या टमटममधून बाळबाळंतिणीला घेऊन आला. दुपारची वेळ, वर पाऊस आणि खाडीला उधाण. आम्ही अंगणात उतरलो तर ताडपत्रीखाली घोट्याएवढं पाणी. खाटेखालच्या विटा घसरून खाट एका बाजूला कललेली, गोधडी अर्धी पाण्यात. कल्पिता बाळाला छातीशी धरून टमटममध्येच बसून राहिली आणि तिला पहिल्यांदा हुंदका आला. म्हणाली, "आये, पेणला जाऊ का परत?"

ठमाबाईने पदर खोचला. पाण्यात उतरली, पाट्याशी गेली, वरवंटा उचलला आणि सरळ त्या घराच्या पायऱ्या चढली. काय होणार ते मला कळलं. म्हटलं, "ठमे, पोलीस येतील."

"येवदे. पाय धुवून ये म्हनावा."

आणि घातला वरवंटा कुलपावर. एक घाव, दुसरा, तिसरा. वाडीतली माणसं दारादारांतून बघत होती, एकाचीही पुढे यायची छाती झाली नाही, पण कोणी अडवलंही नाही. वरवंट्याचा एक टवका उडाला. मग कडी सुटली आणि कुलूप पायरीवर पडलं. ठमाबाईने आत पाऊल नाही टाकलं. खाली आली, मडक्यात पाणी भरून दाराशी ठेवलं, स्वतःचे पाय धुतले. मग कल्पिताला हात धरून आणलं, तिचे पाय धुतले, तिच्या आणि बाळाच्या अंगावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. कधीचा तो गृहप्रवेशाचा नारळ, आतून खुळखुळ वाजायला लागला होता, तो उंबऱ्यावर फोडला. पाणी आटलेलं, आत नुसतं सुकं खोबरं. मला रडू फुटलं. आनंदाने म्हणाल तर नाही, रागानेच. एका बाईला स्वतःच्या घरात शिरायला वरवंटा लागावा, काय म्हणायचं याला?

पुढचे दोन दिवस कंपनीचं कोणी फिरकलं नाही. बाळ कोरड्यात झोपलं. बाहेर धो धो, आत एक थेंब नाही. मी शेगडी नेऊन दिली, कोणी शेक-शेगडीला गोवऱ्या दिल्या, कोणी बाळंतशोपा. विहीणबाई येऊन बघून गेल्या, भिंतीला हात लावून म्हणाल्या, "छान ऊब आहे हो."

पाचवी आली. पाचव्या दिवशी आमच्याकडे सटवाईची पूजा असते, बाळाचं नशीब लिहायला ती येते म्हणतात. पाटा-वरवंटा मांडून पुजायचा. ठमाबाईने तोच टवका उडालेला वरवंटा धुऊन पाट्यावर उभा केला, हळदकुंकू वाहिलं. दिवा लावतो न लावतो, तोच रस्त्यावर गाड्यांचे दरवाजे वाजले. एक, दोन, चार, पाच गाड्या. मुंबईचे मोठे साहेब पाहणीला आले होते, बरोबर पंधरा-वीस माणसं, कॅमेरेवाले. पुढे आमचे चॉकलेटी बूटवाले साहेब, छत्री धरून.

दोरीवर सुकणारी बाळाची दुपटी बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. धावत पायऱ्यांपाशी आले आणि दात आवळून म्हणाले, "हे काय चालवलंय? आत्ताच्या आत्ता सगळं बाहेर काढा! कुलूप कोणी तोडलं?"

"मी," ठमाबाई दारात उभी राहून म्हणाली. लपवाछपवी तिला येतच नाही.

"मी पोलिसांना बोलावीन."

"बोलाव. आत माजी पोर बालतीन हाय, आज पाचवी हाय. उचलून भायेर टाकाची तर तू ये आनि टाक. पन बूट काढून ये."

सगळे थांबले. मोठे साहेब मागून पुढे आले. पिकलेले केस, पायात लेसचे बूट, घोट्यापर्यंत चिखल. त्यांनी विचारलं काय झालं. कोणीतरी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी दाराकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस वाकेल. दोन लेस सोडायच्या होत्या फक्त, अजून काही नाही! आत सगळं त्यांच्यासमोर होतं, जे बघायला ते मुंबईहून आले होते. भिंती, छप्पर, ऊब, झोपलेलं पोर. ते म्हणाले, "राहू द्या. बाहेरूनच बघू."

आणि बाहेरून बघितलं! छत्र्या घेऊन घराला चक्कर मारली. मागे ताडपत्रीखालची पाण्यातली खाट होती, तिला वळसा घातला. आणि एकेक जण भिंतीवर टकटक करायला लागला. टकटक, टकटक, चारी बाजूंनी. प्रत्येक ठोक्याला आत बाळ दचकायचं आणि रडायचं. मग ठमाबाईचं टाळकं सरकलं. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि असा आवाज लावला की मिठागरावर सुद्धा ऐकू गेला असेल. "ठोकू नका मेल्यांनो! पोर निजलीय माजी! तुमच्या आयशीच्या घराच्या भिंती ठोकतं का कोन?" मीही मग सुटले. आणि आमच्यामागून वाडीतल्या बायका सुटल्या, रंगू, शकू, तुळशीकाकू, इतकी वर्षं ताडपत्रीखाली साठवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तुमच्या नमुन्यापायी आमची घरं कुठे अडकली? किती वर्षं बघणार अजून? कॅमेरेवाल्यांनी कॅमेरे खाली केले. मोठे साहेब गाडीत बसले. पाचही गाड्या उलट्या वळायला गेल्या आणि शेवटची चिखलात रुतली. त्या दिवशी ती ढकलायला आमच्यातलं एक माणूस पुढे गेलं नाही.

आम्हाला वाटलं, संध्याकाळी पोलीस येतील. आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. ठमाबाई दाराजवळ बसून होती, भातसुद्धा तिथेच बसून खात होती. कल्पिताला म्हणाली, "तू झोप गो. मी हाय."

तिसऱ्या दिवशी आमचे साहेब एकटेच आले. हातात नवीन मोठं कुलूप, पाऊस तसाच. अंगणात उभे राहून त्यांनी बोलायला सुरुवात केली. माझी नोकरी जाईल. वरून विचारणा झाली आहे. बाळंतीण आहे म्हणून महिनाभर थांबतो, मग मात्र कुलूप लागलं पाहिजे. योजनेचं घर आहे, कोणाच्या बापाचं नाही. मी कुंपणाशी उभी होते, हातात मच्छी साफ करायची विळी होती आणि ती मी मुद्दामच खाली ठेवली नव्हती. ठमाबाई ऐकत होती. छत्रीतून पाणी साहेबाच्या खांद्यावर गळत होतं. आत बाळ रडायला लागलं तसं साहेबाचं बोलणं अडखळलं.

"आत ये," ठमाबाई म्हणाली. "भिजशील. काय बोलाचा ता आत बोल."

साहेब बोलतच पायऱ्या चढले. नियम, ताबा, जबाबदारी, सगळं चालूच होतं तोंडाने. आणि बोलता बोलता उंबऱ्याशी थांबले, छत्री मिटली, एक हात चौकटीला टेकला आणि वाकून बूट काढले. एक, मग दुसरा. कोणी सांगितलं नव्हतं, विळी दाखवली नव्हती. मडक्यातलं पाणी पायावर घेतलं आणि आत गेले. तेव्हा मला पक्कं कळलं की आता हे घर ठमाबाईकडून कोणी काढून घेत नाही. ज्या माणसाने तोंडाने सांगितलं होतं की हे घर नाही, त्याने अनवाणी पायाने उलटं सांगितलं होतं.

आत गेल्यावर त्यांना बसायला पाट मिळाला आणि प्यायला कोरा चहा. ठमाबाईने त्यांच्या हातातलं कुलूप सरळ काढून घेतलं. दोन्ही चाव्या होत्या त्याला. म्हणाली, "बरा केलंस, जुना तुटलाच व्हता." आणि चाव्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या. साहेब त्या गाठीकडे बघत चहा प्यायले. कागद अजून कोणी दिलेला नाही. बाकीच्या वाडीवर अजून ताडपत्र्या आहेत, नाक्यावर तो भाड्याचा फोटो अजून हसतोय, आणि माझा राग तसूभर कमी झालेला नाही, हेही सांगून ठेवते.

पाऊस वाढला. चॉकलेटी बूट पायरीवर उघडेच पडले होते. त्या घराला पडवी नाही, तेवढं एक कंपनीला सुचलं नव्हतं. ठमाबाईने खिडकीतून मला हाक मारली.

"किशोरे, त्याचे बूट जरा आत घे गो. भिजतील."

मी नाही घेतले. भिजू देत मेल्याचे.